डावा खांदा

बसनं कचकन ब्रेक मारला आणि रुइफन पुढं फेकली गेली. पडली मात्र नाही. मागून कुणीतरी तिचा डावा दंड गच्च धरला, क्षणभर तसाच धरून ठेवला, "सांभाळून, आजी," असं काहीसं म्हटलं आणि सोडून दिला. तिनं वळून पाहिलं तर मागं उभी असलेली सगळी माणसं आपापल्या फोनात डोकी खुपसून. हात कुणाचा होता ते कळायला मार्ग नव्हता. बस पुन्हा चालू लागली. झालं ते एवढंच. उत्तर चीनमधल्या हानतान शहरात बसनं जायचं म्हणजे धक्के खायचेच, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण रुइफनच्या दंडावर ती बोटं राहिली ती राहिलीच. जाड कोट, कोटाच्या आत स्वेटर, स्वेटरच्या आत लोकरीची बंडी, आणि एवढ्या सगळ्याखाली दंडाला ऊब लागत होती. ती कसली ते आधी तिला उमजेना. मग उमजलं. कितीतरी दिवसांत तिला कुणी हात लावला नव्हता. किती दिवसांत? ती आठवू लागली. दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्या पोरीनं पट्टा गुंडाळला होता, पण तो स्पर्श पट्ट्याचा, पोरीचा नव्हे. भाजीवाली पूर्वी सुटी नाणी तळहातावर ठेवायची, आता तिथंही फोन दाखवायचा, टिंग वाजलं की निघायचं. नव्या वर्षाच्या सणाला मुलगी आली होती, थेट दक्षिणेतून, समुद्राकाठच्या श्यामनहून. तिनं आल्याआल्या संत्र्यांची पेटी आईच्या हातात दिली आणि जाताना आईनं लोणच्याची बरणी तिच्या हातात दिली. गळ्यात पडायची पद्धत ना यांच्या घरात होती ना शेजारच्या. म्हणजे मग फानच. नवराच शेवटचा. आणि फानला जाऊन दोन हिवाळे उलटले होते.

या हिशेबाच्या नादात उतरायचा थांबा गेला. पुढच्या थांब्यावर ती उतरली, नदीकाठच्या बागेपाशी. निघाली होती काळा व्हिनेगर आणायला, आणि आता उलट चालत जायचं तर गुडघे कुरकुरणार. म्हणून ती बागेत शिरली. आत नेहमीचंच सगळं: झाडांच्या फांद्यांना लटकवलेले कोट आणि चहाचे थर्मास, एका कोपऱ्यात कर्ण्यावर गाणं लावून नाचणाऱ्या बायका, फरशीवर पाण्यानं अक्षरं काढणारा एक म्हातारा आणि ती अक्षरं वाळून जाईपर्यंत त्यांच्याकडं बघत बसलेला दुसरा. नदीच्या अंगाला काही माणसं ओळींनी उभी राहून ताइ-ची करत होती. रुइफन उभी राहून बघू लागली. हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं, या मुलखात ते कुणी पाहिलं नाही? पण पाहिलं होतं ते वरच्यावर, जाताजाता. हात वर गेले, हात खाली आले, कुणालाही कसली घाई नाही. ओळींच्या पुढं एक उंच, वाळलेला माणूस होता. कानटोपी, शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांसारखी पाठ. तो होताच कवायतीचा मास्तर, निवृत्त, आडनाव कौ. त्यानं हात न थांबवता तिच्याकडं बघून म्हटलं, "बाई, उभंच राहायचं असेल तर ओळीत येऊन राहा. नुसत्या बघणाऱ्यांना थंडी जास्त वाजते." दोनचार जण हसले. रुइफनला कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज वाटली आणि त्या लाजेतच ती जाऊन मधल्या ओळीत उभी राहिली. "काय करू?" तिनं विचारलं. "काही करू नका," मास्तर म्हणाले. "काही न करायचं शिकवता होय?" "तेच तर अवघड आहे. भल्याभल्यांना जमत नाही."

सर्वांचं झालं, कोटांखालचे थर्मास निघाले, चहा झाला, आणि मग जाणती मंडळी कुंपणापलीकडच्या पॉपलरच्या झाडांखाली निघून गेली. शिकाऊ तेवढे मागं राहिले. मास्तर एकेकापाशी थांबून दुरुस्त करत फिरू लागले. रुइफनपाशी आले, तिला पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, आणि दोन बोटं तिच्या डाव्या खांद्यावर ठेवली. दाबली नाहीत, नुसती ठेवली. "हा कुणाची वाट बघतोय?" ते म्हणाले. "उजवा बघा कसा शहाण्यासारखा बसलाय. हाच तेवढा दारात उभा. बसवा त्याला खाली." रुइफनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थंडीनं आलं असं दाखवायला तिनं नाक पुसलं.

डावा खांदा वर होता त्याला कारण होतं. पोलादाच्या कारखान्यात, छताखालून धावणाऱ्या क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये ती ऐन तारुण्यापासून निवृत्तीपर्यंत बसली होती. डावा हात कायम दांड्यावर, नजर कायम खाली. खालच्या माणसांचे तिला फक्त टोप दिसायचे. टोपांवरून ती माणसं ओळखायची, आणि कँटीनमध्ये समोर आली की चेहरे परके वाटायचे. खाली हुकापाशी खुणा करायला फान असे. आवाज एवढा की बोलण्याचा प्रश्नच नाही, शिट्टी आणि हात यांवर सगळं. मूठ मिटली की थांब, तळवा वर की उचल, दोन बोटं जमिनीकडं की उतरव, पण अगदी हळू. लग्नाआधी त्या दोघांचं जे काही बोलणं झालं ते बहुतेक असंच, उंचावरून आणि हातांनी. भट्टीच्या धगीत, धुरळ्यात, तो खाली उभा राहून दोन बोटं दाखवायचा आणि वितळलेल्या लोखंडाची भांडी ती अशी अलगद खाली टेकवायची की जमिनीला कळू नये. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं हे ती स्वतःच्या तोंडानं नाही, पण फान सगळ्या कँटीनभर सांगत सुटायचा. पुढं लग्न झालं, संसार झाला, ती पाळी संपवून घरी आली की तो मागून यायचा, त्या चढलेल्या खांद्यावर दोन बोटं ठेवायचा आणि म्हणायचा, "बाईसाहेब, पाळी संपली. हुक खाली घ्या." दुसरं लाडाचं बोलणं त्याला येत नव्हतं आणि तिलाही त्याहून जास्त काही लागत नव्हतं. त्या बागेत, परक्या माणसाची दोन बोटं तिथंच येऊन टेकली तेव्हा तिला वाटलं, आता आपण इथं सगळ्यांदेखत भोकाड पसरणार. पसरलं नाही. व्हिनेगर न घेता घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी, पहिल्या बसनं, पुन्हा बागेत आली.

शिकायचं म्हणजे काय, तर जे आयुष्यभर आपोआप होत आलं ते एकदा सुटं करून बघायचं. चालणंच घ्या. पाय टाकायचा, पण त्यात जीव घालायचा नाही, टाच टेकवायची आणि बघायचं, खाली काय आहे. मग एका पायातलं वजन दुसऱ्यात ओतायचं, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि रिकामा झालेला पाय मगच उचलायचा. "दोन्ही पायांत अर्धं अर्धं ठेवलंत की फसलात," मास्तर म्हणायचे, "तो माणूस कुठंच जाऊ शकत नाही. एक भरलेला, एक रिकामा." डोकं वरून दोरीला टांगल्यासारखं. खांदे बसलेले, कोपरं लोंबती. हातांनी हात हलवायचे नाहीत, कंबर वळली की हात आपसूक येतात. आणि थांबायचं कुठंच नाही, एक संपता संपता दुसरं सुरू. रुइफनला यातलं बरंचसं ओळखीचं वाटे. ओझं उचलताना हिसका द्यायचा नसतो, आधी दोरीतली ढील काढायची, दोर ताठ झाला की मगच वजन, हे तिला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. ती घरी, फानच्या रिकाम्या खुर्चीभोवती, स्टोव्हपासून खिडकीपर्यंत तसं चालू लागली. भरलेला पाय, रिकामा पाय. खालच्या मजल्यावरच्या बाईनं जिन्यात विचारलंही, "हल्ली तुमच्या घरात कुणी चालतच नाही का हो?"

आणि पॉपलरांचा कापूस हवेत उडायला लागला त्या दिवसांत एकदा, बाजरीची पेज ढवळताना, तिचा डावा खांदा खाली बसला. कुणी सांगितलं नाही, कुणी दाबलं नाही. इतकी वर्षं दारात उभा असलेला पाहुणा आपण होऊन आत येऊन बसला. तिनं आरशात पाहिलं. दोन्ही खांदे सारखे. आरशातली बाई तिला परकी वाटली, जरा बुटकी आणि जरा म्हातारी. दुसऱ्या दिवशी मास्तर ओळीतून फिरत आले, तिच्यापाशी क्षणभर थांबले, "छान," म्हणाले आणि पुढं गेले. बोटं शेजारणीच्या कोपराला लागली. त्या दिवसाचं रुइफनला पुढं फारसं काही आठवत नाही. परतीच्या बसमध्ये रिकामी जागा असून ती उभी राहिली, दांड्याला धरून, बस कधी ब्रेक मारते याची वाट बघत. एका "छान"नं तिच्या तोंडचा घास काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी बागेत शिरताना तिनं खांदा वर घेतला. मास्तर आले, त्यांनी बोटं ठेवली. "अरे, कालच तर बसला होता," ते म्हणाले. "मोठा हट्टी आहे हो," रुइफन म्हणाली आणि दिवस सुखाचा गेला.

असं ते सुरू झालं. आता खोटं म्हटलं तरी त्यालाही मेहनत लागते. घरी सगळं बरोबर यायचं, म्हणून बागेत चूक नीट आठवणीनं करावी लागे. जास्त झाली तर मास्तर वैतागतील, कमी झाली तर दिसायचीच नाही. आणि खांदा वर धरायचा म्हणजे मानेला रग लागायची, ती घरी जाऊन गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायची. ती मधल्या ओळीतच उभी राही. नवख्यांची जागा तीच असते, कारण निम्म्या वाटेवर सगळ्यांनी एकदम मागं वळायचं असतं, पुढची ओळ मागची होते, मागची पुढची, आणि मधे असलं की कुठंही तोंड करा, समोर बघून करायला कुणी ना कुणी जाणता असतोच. वसंतात तिच्याबरोबर आलेली माणसं उन्हाळ्यात एकेक करून पॉपलरांखाली गेली. तिकडं काय चालतं ते रुइफननं कधी नीट पाहिलं नव्हतं. कुंपणावरून ढकलाढकली दिसायची, "घे!" "आलास का!" असली ओरड, धपकन पाऊल पडल्याचा आवाज, मग खिदळणं. मारामाऱ्या तिनं कारखान्यात वरून पुष्कळ पाहिल्या होत्या, तिला त्यांचा तिटकारा होता. शिवाय तिथं मास्तर कुणाला दुरुस्त करायला जात नसत. तेवढं तिला पक्कं ठाऊक होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

तिकडच्यांपैकी चहाला भेटायची ती निंगताई. कारखान्याच्या कँटीनमध्ये जन्मभर मोठमोठ्या कढया हलवलेली बाई, आवाजही कढईएवढा. "काय गं हाओ," ती सगळ्यांदेखत रुइफनला आडनावानं हाक मारून म्हणायची, "अजून तुझा खांदा आभाळातच? लाकडालासुद्धा एव्हाना पालवी फुटली असती." रुइफन हसून घ्यायची. "आमचं डोकं जरा जड आहे, ताई." "डोकं जड आहे की खांदा हलका आहे, एकदा ठरव बाई!" लोक हसत. रुइफनला त्याचं काही वाटत नसे. रविवारी मुलीचा फोन येई, पडद्यावर तिचा चेहरा, मागं नातवाचं रडणं. "आई, सकाळी बागेत जातेस ना? शिकलीस का काही?" "शिकतेय. अवघड आहे." "सहा महिने झाले की गं!" "अवघडच असतं ते." मुलगी कपाळाला आठ्या घालून जवळ येई, इतकी जवळ की पडद्यावर नुसतं नाक दिसे. "आई, तू बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय!" फोन बंद झाला की काचेवर रुइफनच्या बोटांचे ठसे दिसत. बोलताना ती पडद्याला हात लावत असली पाहिजे, तिला स्वतःला ते माहीत नव्हतं.

शरदात एकदा मास्तरांनी बोटं ठेवली आणि उचललीच नाहीत. जरा वेळानं हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "हाओबाई, तुमचा खांदा माझी बोटं टेकायच्या आधीच खाली यायला निघतो." तिनं मान वळवली. "म्हणजे?" "म्हणजे काही नाही. हात ऐकतात, एवढंच. या विद्येत दुसरं आहे काय." आणि ते पुढं गेले. त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. ठरवलं, उद्यापासून शहाण्यासारखं करायचं. सकाळी बागेच्या फाटकातून आत शिरली तर खांदा वरच.

मग ते धुकं पडलं. सकाळी फाटकातून आत पाऊल टाकलं तर नदी नाही, पूल नाही, नाचणाऱ्या बायकाही नाहीत. आली होती मोजकी माणसं, दोनच ओळी झाल्या, आणि रुइफन मागच्या ओळीत कडेला उभी राहिली. मधली ओळच नव्हती तर करणार काय. सुरुवात झाली. 'चिमणीची शेपटी', मग 'चाबूक', अशा नावांच्या हालचालींत पुढच्याची पाठ बघत बघत ती जिथं चुकायचं तिथं नेमानं चुकत होती. मग वळायची वेळ आली. सगळी वळली, तीही वळली, आणि तिच्यासमोर कुणीच नव्हतं. नुसतं पांढरं. चूक करायची तर समोर बरोबर करणारं कुणीतरी लागतं. इथं धुक्यात ती कुणाला बघून चुकणार होती? तिच्या पायांनी तिला विचारलं नाही. एक भरला, एक रिकामा झाला, कंबर वळली, हात मागोमाग आले, खांदे दोन्ही बसलेले. मधे तिला एवढंच वाटलं की आपण परत वर आहोत, त्या काचेच्या केबिनमध्ये, सगळीकडं वाफ आहे, खाली काही दिसत नाही, आणि दिसत नसूनही फानची दोन बोटं कुठं आहेत हे आपल्याला माहीत आहे. ती उतरवत गेली, अगदी अलगद. पुन्हा वळायची वेळ आली तेव्हा तिला भान आलं. मागचं पायांचं खरखर वाजणं थांबलं होतं. वळून बघते तर सगळे तिच्या मागं, तिला बघूनच करत आलेले, आणि आता हात अर्धवट वर धरून तिच्याकडं बघत उभे. निंगताईचा आ वासलेला. "अगं बया!" ती म्हणाली. "ही तर छुपी रुस्तम निघाली!"

 सगळं पुरं झालं, चहा झाला. मग थर्मासचं झाकण फिरवता फिरवता मास्तर म्हणाले, "उद्यापासून चहानंतर तुम्ही पॉपलरांखाली जायचं. माझ्याकडचं संपलं." चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावून माणूस निदान दंड धरून बाहेर काढतो. "हो," म्हणाली ती. कोट फांदीवरून काढून घालताना तिचा हात बाहीत शिरेना.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्याही नाही. घरातले हीटर सुरू झाले होते, त्यांच्या गरम पत्र्याला पाठ लावून ती जमिनीवर बसून राही. एकदा उजव्या हाताची दोन बोटं डाव्या खांद्यावर ठेवून बघितली. स्वतःच्या हातानं स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, तसंच ते. खांद्याला आधीच माहीत होतं कोण आलंय ते. तेव्हा मात्र ती रडली, चांगली हुंदके देऊन, खालच्या बाईला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे म्हणून. म्हातारपणी नवरा गेला याचं दुःख करावं, लोक समजून घेतात. पण आपल्याला कुणी हात लावत नाही म्हणून रडू येतं हे कुणाला सांगायचं? मुलीला? ती म्हणेल, आई, इकडं ये राहायला. आणि तिकडं तरी काय, आणखी एक पेटी, आणखी एक बरणी.

दुपारी दार धडाधडा वाजलं. दारात निंगताई, हातात गाढवाच्या मटणाच्या सॉसेजचं पुडकं. "मेलीस की काय ते बघायला आले," ती म्हणाली आणि कुणी 'ये' म्हणायच्या आत येऊन फानच्या खुर्चीत बसली. "सर्दी झालीय," रुइफन म्हणाली. "दिसतेय ना, नाकाऐवजी डोळ्यांना झालेली." निंगताईनं घरभर नजर फिरवली, एक वाटी, एक चमचा, एक चहाचा कप, आणि बोलण्याचा सूर बदलला. "हे बघ, मला जोडीदार नाही. माझी जोडीदारीण लेकाकडं गेली दक्षिणेत, ती आता परत येत नाही. मी रोज तिथं झाडाला हात लावून उभी असते. झाडाशी किती दिवस भांडू मी? उद्या ये." "मला ती ढकलाढकली नको, ताई. मी पडेन." "पडशील तर मी आहे ना! एवढा देह देवानं कशाला दिलाय? आणि सॉसेज आजच खा, वाळवू नको."

रुइफन बागेत गेली ती अशी, निंगताईच्या तोंडाच्या पट्ट्याला भिऊन. चहानंतर कुंपणाच्या पलीकडं पहिल्यांदाच पाऊल टाकलं. पानं गळून गेलेले पॉपलर, खाली जोड्या जोड्या उभ्या. निंगताईनं तिला समोर उभं केलं, एक पाय पुढं, एक मागं, आणि आपलं मनगट पुढं केलं. "तुझं लाव." "कुठं?" "माझ्या मनगटाला, आणखी कुठं? चुलीला?" रुइफननं लावलं. मनगटाच्या मागच्या बाजूला मनगटाची मागची बाजू. जाड, उबदार, कँटीनच्या जुन्या भाजल्याच्या डागांचं मनगट. मग ते मनगट तिच्याकडं यायला लागलं. रुइफन ताठरली. "अडू नकोस," निंगताई म्हणाली. रुइफननं हात काढून घेतला. "पळू नकोस. सोडायचं नाही, अडायचं नाही. एवढंच आहे हे. मी येते तेव्हा मला जागा दे, मी जाते तेव्हा मागं ये. चिकटून राहा बाई, कोण खातंय तुला?" पुन्हा मनगट आलं. रुइफननं मागच्या पायात वजन घेतलं, कंबर वळवली, आणि ते सगळं वजन तिच्या शेजारून निघून गेलं आणि तिचं मनगट त्याच्या मागोमाग गेलं. मग ते परत आलं. मग पुन्हा गेलं. तिनं आजूबाजूला पाहिलं. सगळ्या जोड्या तशाच, मनगटाला मनगट लावून, पुढं मागं, पुढं मागं, कुणी हसत, कुणी डोळे मिटून. वसंतात तिच्याबरोबर आलेली ती सगळी माणसं. ती तिकडं एका ओझरत्या स्पर्शासाठी महिनोन्‌महिने मान आखडून उभी राहिली होती आणि ही माणसं इथं, नुसत्या एका कुंपणाच्या पलीकडं, चहा झाल्यापासून घरी जाईपर्यंत एकमेकांना चिकटून होती. फक्त खांदा बसलेला असायला हवा होता. खांदा बसल्याशिवाय इथं येता येत नव्हतं. रुइफनला हसूही आलं आणि स्वतःची चीडही आली, आणि हे दोन्ही मनगटातून पलीकडं गेलं असावं, कारण निंगताई म्हणाली, "किती महिने ठेवला होतास वर?"

"काय?"

"खांदा गं. मी गुडघा ठेवला होता. आमचे हे गेले त्यानंतर. मुद्दाम आत वाकवायचे. मास्तर येऊन आपल्या पावलानं माझं पाऊल बाहेर सरकवायचे, आणि गुडघ्यावर थापटी मारायचे. वर्षभर चालवलं मी ते. तुला काय वाटलं, ही युक्ती तू शोधलीस?"

 रुइफनचं मनगट चालूच होतं. "मास्तरांना कळलं असेल?" तिनं विचारलं.

"त्यांना कळत नाही असं काही आहे का? पहिल्या दिवसापासून माहीत असतं त्यांना." निंगताईनं आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली येतो हे रुइफनला पहिल्यांदाच कळलं. "पण ते तरी लगेच कुठं पाठवतात इकडं? त्यांच्या घरी कोण आहे? बायको जाऊन जमाना झाला. एक साळुंकी पाळली होती, तीही गेल्या साली मेली. घे, लक्ष दे, आले मी."

रुइफननं कुंपणावरून पाहिलं. तिकडं मोकळ्या जागेत एक नवा माणूस उभा होता, टकलू, मानेचा खांब झालेला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली होती. त्याचा खांदा केव्हाच खाली आला होता. बोटं तिथंच होती. मास्तर नदीकडं बघत होते. एवढे महिने रुइफननं स्वतःच्या खांद्याकडं लक्ष दिलं, कोटाखालच्या उबेकडं दिलं, फानकडं दिलं. त्या बोटांना काय हवं होतं ते तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. निंगताईनं तिला अलगद ढकललं आणि ती दोन पावलं मागं कोलमडली, आणि निंगताईनं तिला दंडाला धरून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा कोरडी, स्वच्छ आणि बोचरी होती. माणसं भरपूर होती. रुइफन आता जाणत्यांच्या शेवटच्या ओळीत होती, वळल्यावर जिच्यासमोर कुणी नसतं त्या. ढगांसारखे हात फिरवायची पाळी आली तशी मास्तर पुढची जागा सोडून ओळीतून फिरू लागले. एकेकाकडं बघत, इथं कोपर, तिथं मान. जाणत्यांपाशी ते थांबत नाहीत, रुइफनजवळून ते तिच्याकडं न बघताच पुढं निघाले होते. तिनं डावा खांदा वर घेतला. थोडासाच, पण कुणालाही दिसेल एवढा. मास्तर थांबले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि तिनं त्यांच्याकडं पाहिलं. दोघांनाही सगळं माहीत होतं. मग त्यांनी दोन बोटं ठेवली. बोटं गार होती, कोटावरूनही कळत होतं. "हा कुणाची वाट बघतोय?" ते म्हणाले.  खांदा रुइफननं एकदम खाली सोडला नाही. पाळीवर असताना उतरवायची तसा उतरवला, हळू, आणखी हळू, जमिनीला कळू नये असा, आणि मास्तरांची बोटं शेवटपर्यंत त्याच्याबरोबर खाली आली.